डोक्यातली वस्तू बाजारात नेताना

मी मिठबावहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून महिन्यातले वीसेक दिवस माझी मीटिंगांची फिरती असते. हप्ते, व्याज, सह्या झाल्या, चहा आला, की बहुतेक मीटिंगांत कोणीतरी हळूच जवळ सरकून म्हणते, "ताई, माझ्या डोक्यात एक वस्तू आहे. अशी कोणी केली तर किती बरं होईल." मग बाकीच्या हसतात आणि विषय तिथेच राहतो. दोन वर्षांपूर्वी एका गटात तो तिथे राहिला नाही. तेव्हापासून जे शिकलो ते आज सांगते. आम्ही अजून मधल्या वाटेवर आहोत हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे यशाची गोष्ट ऐकायला बसलेल्या निराश होणार नाहीत.

ती वस्तू ओल्या काजूची. माघ-फाल्गुनात ओले काजूगर काढायला बसायचं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. कवच मऊ असतं, विळीवर सरळ चिरतं, पण चीक बोटांवर उडतो. त्या चिकात जहाल आम्ल असतं. राख लावा, खोबरेल लावा, तरी आठवड्याभरात बोटांची सालं निघतात आणि नखं काळी ती शिमग्यापर्यंत काळीच. काजूगर शेकड्याने चांगल्या भावाला जातात, म्हणून बायका सोसतात. आमच्या गटातल्या वहिनींनी एकदा हात पुढे करून दाखवले आणि म्हणाल्या, "काजी चिरतंय की बोटां भाजतंय, माकाच कळणा नाय." बीला बोट न लावता ती चिरता येईल असं छोटं हत्यार त्यांच्या डोक्यात होतं. गावातल्या सुताराकडून त्यांनी फणसाच्या फळीचं एक करून घेतलंसुद्धा. खाच, दांडा, दांड्याला ब्लेड. पहिल्याच दिवशी बी खाचेतून उडून मांजराला लागली. चौथ्या दिवशी ब्लेड गंजलं. आपली खारी हवा आणि वर काजूचा चीक, कोण टिकणार?

मला वाटलं, झालं, संपलं. वहिनींना तसं वाटलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, खाच खोल करायला हवी आणि पातं स्टीलचं हवं. म्हणजे फुकट गेलेल्या दीडशे रुपयांत त्यांना दोन गोष्टी कळल्या होत्या. आणखी सहा महिने नुसतं बोलत बसलो असतो तरी त्या कळल्या नसत्या. म्हणून ज्यांच्या डोक्यात काही आहे त्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं, की आधी काहीतरी करा. पुठ्ठ्याचं करा, चुड्त्याच्या दांड्याचं करा, चिंध्यांचं करा. कुरूप असू दे. आणि त्यासाठी कर्ज काढू नका. गटाचं कर्ज वस्तू विकायला काढतात, ती चालते की नाही ते बघायला नव्हे.

आता एक जुनी गोष्ट सांगते. मालवण तालुक्यात किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे प्रशिक्षणाला जाऊन आल्यात. किर्लोस्कर हे आडनाव याच गावावरून आलं असं सांगतात. त्या घराण्यातले लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले, पण डोळ्यांना काही रंगांतला फरक कळत नव्हता म्हणून चित्रकला सुटली. मग मुंबईच्याच तंत्रशिक्षण संस्थेत यंत्रांची ड्रॉइंग शिकवू लागले. नोकरीत डावललं गेलं तेव्हा ती सोडून बेळगावला आले आणि भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवू लागले. फावल्या वेळात कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ साली लोखंडी नांगर.

लोखंडी नांगर म्हणजे जगात कधी नव्हतं असं काही नव्हे. परदेशात ते होतेच. आपल्या जमिनीत, आपल्या बैलांच्या मागे, आपल्या शेतकऱ्याला परवडेल असा इथे करायचा, ही त्यांची कल्पना. नांगर तयार झाला आणि कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी लोकांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं, मैत्रिणींनो! आपण पापडाचं नवीन पाकीट एका जत्रेत खपलं नाही तर पुढच्या जत्रेला नेत नाही.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. बेळगावची जागा सोडावी लागली, औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी माळरान दिलं, तिथे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. जाता जाता सांगते, 'स्त्री' मासिक याच किर्लोस्करांच्या वाडीतून १९३० साली निघालं. नांगराच्या कारखान्याला वाचणाऱ्या बायकांची आठवण झाली, ही मला मोठी गंमत वाटते. पण मी ही गोष्ट सांगते ती त्या दोन वर्षांसाठी. "जमीन नासेल" म्हणणारा शेतकरी अडाणी, असं म्हणून सोडून देणं सोपं होतं. पण त्याच्यासाठी नांगर ही हौसेची वस्तू नव्हती. एक हंगाम चुकला तर घर उपाशी. नवी वस्तू करणाऱ्याचे पैसे जातात, पण घेणाऱ्याचं वर्ष जातं. म्हणून घेणारा शंका काढतो तेव्हा रागवायचं नाही, ऐकायचं.

आम्ही दुसरा नमुना वेल्डरकडून करून घेतला. बसकण लोखंडाची, पातं स्टेनलेसचं. वहिनी भराभर बिया चिरू लागल्या. आम्हाला वाटलं, जमलं! पण जिने वस्तू केली तिच्या हाताला ती चालणारच. तिला कुठे दाबायचं, कुठे जपायचं ठाऊक असतं. म्हणून आम्ही घड्याळ लावलं. गटातल्याच आणखी पाच जणी बसवल्या, प्रत्येकीला शंभर बिया विळीवर आणि शंभर हत्यारावर. बाकीच्यांनी गप्प राहायचं, शिकवायचं नाही, असा नियम केला. पाळायला फार कठीण. वहिनींचा तर जीव वर-खाली होत होता.

निकाल बघून माझं तोंड पडलं. सगळ्यांत तरबेज असलेल्या काकींना विळीवर पस्तीस मिनिटं लागली आणि हत्यारावर पन्नास. हत्यार बाजूला सारून त्या म्हणाल्या, "बरां आसा, पण जड आसा. माजी विळीच बरी." कोणी काही बोललं नाही. मग वही बघताना लक्षात आलं, की दोन तरुण सुना, ज्या विळीला भिऊन काजूला बसतच नाहीत, त्यांना विळीवर दीड तास लागला होता आणि हत्यारावर तासाच्या आत झालं होतं. आणि दोघींची बोटं स्वच्छ होती. म्हणजे आम्ही गिऱ्हाईकच चुकीचं धरलं होतं. ही वस्तू काकींसाठी नव्हतीच. जी आज काजूला बसत नाही तिच्यासाठी होती. हे आम्हाला कोणत्याही प्रशिक्षणात कळलं नसतं. काकींच्या तक्रारीनेसुद्धा काम केलं. त्या "जड आसा" म्हणाल्या म्हणून तिसऱ्या नमुन्याची बसकण हलकी झाली.

ही सगळी परीक्षा आम्ही एका घराच्या मागल्या पडवीत घेतली, गटापुरती. सहाही जणींनी वहीवर तारखेसकट सह्या केल्या. असं का, ते आता सांगते.

आपली वस्तू आधी कोणी केलेली नाही ना, हे बघणं फार जरुरीचं. डोळ्यांसमोरचं उदाहरण घ्या. नूतन झेला आज कोणाच्या बागेत नाही? दापोलीच्या आपल्या कोकण कृषी विद्यापीठाने तो काढला. आंबा देठासकट कापला जातो, जाळीत पडतो, चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाही. दिसायला पातं आणि जाळी, पण त्याने पेटीतल्या आंब्याचा भाव बदलला. आता कोणी नवा झेला करायला निघाली तर तिने आधी तो नीट पाहायला हवा. काजूचंही तसंच. कारखान्यात सुकी बी वाफवून फोडायची हाताची, पायाची यंत्रं आहेत. आम्ही ती बघून आलो. ओली बी वेगळी, मऊ आणि चिकाची, म्हणून आमचं हत्यार वेगळं ठरलं. पेटंट कार्यालयाची वेबसाइट आहे, तिथे आधीचे अर्ज फुकट शोधता येतात. भाषा इंग्रजी असते, म्हणून कॉलेजात जाणाऱ्या मुलाला शेजारी बसवा. आमच्या इथे हे काम माझ्या भाच्याने केलं, दोन रविवार आणि चार प्लेट भजी या मोबदल्यात.

पेटंट या शब्दाला आपण उगाच भितो. पेटंट म्हणजे सरकारने दिलेला हक्क, की ही वस्तू वीस वर्षं या माणसाच्या परवानगीवाचून दुसऱ्याने धंद्यासाठी करायची नाही. कायदा १९७० सालचा आहे. तीन गोष्टी लागतात. वस्तू नवी हवी, त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचेल इतकी साधी नको आणि करून वापरता येण्यासारखी हवी. शेतीची पद्धत, म्हणजे कलम बांधायची किंवा खत घालायची नवी रीत, पेटंटात बसत नाही. आजीची औषधं आणि परंपरेने चालत आलेली माहितीसुद्धा नाही. त्यामुळे तुमची सोलकढी कितीही अप्रतिम असली तरी तिचं पेटंट मिळणार नाही. तिच्यासाठी नाव आणि चिन्ह नोंदवता येतं, त्याला ट्रेडमार्क म्हणतात. तो मार्ग वेगळा.

नवी म्हणजे अर्ज करण्याआधी जगाला माहीत नसलेली. आपण इथेच फसतो. तालुक्याच्या प्रदर्शनात वस्तू मांडली, कोणी व्हिडिओ काढला, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, की ती जाहीर झाली. सरकारने खास अधिसूचना काढलेलं प्रदर्शन असेल तर सवलत आहे, पण आपली बहुतेक प्रदर्शनं तशी नसतात. आधी अर्ज आणि मग प्रदर्शन, हाच क्रम ठेवा.

लिहून ठेवण्याचं महत्त्व तर हळदीने शिकवलंय. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरते यावर पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या घराघरात पोरांच्या गुडघ्यावर हळद दाबतात, आणि पेटंट अमेरिकेत! आपल्या केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने ते आव्हान दिलं. तेव्हा परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, आपल्या शेजारच्या गोव्यातल्या माशेलचे. "आम्हाला माहीत होतं" एवढं तोंडी सांगून तिथे भागलं नसतं. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले, तेव्हा १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. आपल्या गटाची वही ग्रंथ नाही, पण कोणत्या तारखेला कोणी काय केलं याचा कागद असणं आणि नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता माझी चूक सांगते. मी गटाच्या रजिस्टरात ठराव लिहिला, "गटाने तयार केलेले काजू चिरण्याचे हत्यार." सगळ्यांनी सह्या केल्या. वहिनींनीही केली. त्यानंतरच्या दोन मीटिंगांना त्या आल्या, बसल्या, हप्ता दिला, पण हत्याराबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या वेळी मी विचारलं. बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पैसे गटाचे, ह्यां खरां. पण बोटां माजीच भाजली होती मा?" मला इतकी लाज वाटली. आपण गट गट म्हणताना एका बाईची कल्पना सहज सगळ्यांची करून टाकतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे फारसं शिकलेले नव्हते, जमीन दीड एकर. १९८३ साली भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या बाजूला ठेवल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत राहिले. बारीक, चवीचा तांदूळ निघाला. व्यापाऱ्याने त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. तो तांदूळ कुठल्या कुठे पोहोचला. पुढे कृषी विद्यापीठाने त्यावर काम करून 'पीकेव्ही एचएमटी' नावाने वाण आणला आणि दादाजींचं नाव मागे पडलं. त्याचं दुःख त्यांना शेवटपर्यंत होतं. २००५ साली राष्ट्रपती डॉ. कलामांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, नाव सगळीकडे छापून आलं, पण घरची ओढाताण संपली नाही. २०१८ साली ते गेले. बियाण्याच्या वाणासाठी आता २००१ सालचा वेगळा कायदा आहे. आपण निवडून जपलेला वाण शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर नोंदवता येतो. तुमच्याकडे घरच्या बियाण्याचं वेगळं काही असेल तर कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा.

आम्ही ठराव बदलला. पेटंटच्या अर्जात शोधक म्हणून गटाचं नाव लागत नाही, माणसाचंच लागतं, आणि ते वहिनींचं लागलं. मालकीहक्क लेखी करून दुसऱ्याला देता येतो, पण आम्ही तो घेतला नाही. गटाने घातलेला खर्च आधी गटाला परत, त्यानंतर प्रत्येक नगामागे वहिनींना ठरावीक रक्कम, असा साधा करार केला. मराठीत, एका पानाचा. दोन जणी नाराज झाल्या. अजून आहेत. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो, ऑनलाइन करता येतो. एकट्या व्यक्तीसाठी फी १६०० रुपये. पहिला अर्ज तात्पुरता करता येतो. त्यात कल्पना नीट मांडायची आणि तारीख आपल्या नावावर पकडायची. मग बारा महिन्यांत पूर्ण तपशिलाचा अर्ज द्यायचा. तो दिला नाही तर पहिला सोडून दिला असं धरतात. पुढे तपासणीसाठी वेगळी फी ४००० रुपये. अर्जदारांत एक तरी स्त्री असेल तर लवकर तपासणी मागता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे. पूर्ण अर्ज लिहायला मात्र जाणकार एजंट लागतो आणि त्याची फी आपल्या गटाला जड जाते. गांधीनगरजवळ राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान आहे, गावातल्या साध्या माणसांच्या शोधांसाठी २००० साली सुरू झालेलं. ते निवडलेल्या शोधांना पेटंटसाठी मदत करतात. आम्ही तिकडे कागद पाठवलेत.

पेटंट मिळालं म्हणजे वस्तू खपली असं मात्र नाही. खपण्याचं गणित वेगळं. समजा एका नगाला साहित्य ३५० रुपये, वेल्डरची मजुरी २००, आपली मजुरी १००, बांधणी आणि एसटीचं पार्सल ५०. झाले ७००. किंमत ठेवली ९००, तर आपल्याला वाटतं दोनशे सुटले. दुकानदार विसांत एक नाही घेत, पाचांत एक घेतो. १८० गेले. उरले २० रुपये. दहा नग विकले तर दोनशे. त्यात एक नग तुटून परत आला आणि दुरुस्तीला दोनशे लागले, की दहा नगांची कमाई साफ. आपली मजुरी धरलीच नाही असं बऱ्याच जणी करतात. मग "फायदा होतो" म्हणतात आणि वर्षभर फुकट राबतात. कृपा करून मजुरी धरा.

आम्ही अजून किंमत ठरवलेली नाही. ९०० रुपये देऊन कोण घेईल, हाच प्रश्न आहे. एकटी बाई बहुधा नाही घेणार. पण चार घरांत एक घेतील का? गटाकडून हंगामापुरतं भाड्याने नेतील का? आमच्यातल्या एकीला भाड्याचं पटतं, वहिनींना पटत नाही. भाड्याच्या वस्तूला कोणी जपत नाही, असं त्या म्हणतात.

तात्पुरता अर्ज आम्ही गेल्या नोव्हेंबरात दिला. म्हणजे येत्या नोव्हेंबरापर्यंत पूर्ण अर्ज द्यायचा की सोडून द्यायचं हे ठरवायला हवं, आणि ओल्या काजूचा हंगाम मध्ये एकदाच येतो. जे काही कळायचं ते या एका हंगामात. तिसऱ्या नमुन्याचे पाच नग तयार आहेत. एक मिठबावात राहील, बाकीचे तांबळडेग, मुणगे, हिंदळे आणि कुणकेश्वरच्या गटांकडे जातील. प्रत्येकाबरोबर एक वही आहे. किती बिया, किती वेळ, कुठे अडलं, बोटाला चीक लागला का, एवढंच लिहायचं. खोटं चांगलं लिहू नका.

दांड्याखाली आम्ही नवीन काय बसवलंय ते मात्र आज रेडिओवर सांगणार नाही. ते पहिल्या अर्जात नव्हतं. त्याचा वेगळा कागद गेला की नग तुमच्याकडे येतील. येताना जुनी विळीसुद्धा जवळ ठेवा, शंभर बिया तिच्यावरही चिरायच्या आहेत. आणि डावखुऱ्या कोणी असतील तर त्यांनी आधी कळवा. पाचांतलं एकही हत्यार अजून डाव्या हाताने कोणी चालवून बघितलेलं नाही.